मदत हवी आहे: ध्यानाला बसलो की डोक्यातला आवाज वाढतो

मांजलपूरकर:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय, सरळ मुद्द्यावर येतो. महिना झाला योगासनं आणि ध्यान सुरू केलंय, आसनं जमतात, वजनही दीड किलो उतरलं, पण ध्यान काही केल्या होत नाही. बसलो, डोळे मिटले की दोन मिनिटांत डोक्यातला आवाज सुरू आणि जितकं शांत बसावं तितका तो मोठा होत जातो, शेवटी चिडून उठतो. पाच-सहा वेगवेगळे व्हिडिओ करून झाले, सगळे म्हणतात शांतता अनुभवा, ती मिळेल तर अनुभवू ना. बायको म्हणते ध्यान करायला लागल्यापासून तुम्ही जास्त चिडचिडे झालात आणि ते खरं आहे म्हणून जास्त लागतं. हा आवाज बंद कसा करायचा एवढंच सांगा. कृपया "सराव करा" म्हणू नका, करतोच आहे.

वाडी_रंगमहाल:
वय किती? किती वाजता बसता, किती वेळ, रिकाम्या पोटी की जेवून? बीपी, शुगर, थायरॉइड काही आहे का? कोणाकडे शिकलात की फक्त व्हिडिओ? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

कपालभाती_रोज:
विचारत बसायची गरजच नाही. रोज १५ मिनिटं कपालभाती, १५ मिनिटं अनुलोम-विलोम, वर ११ वेळा भ्रामरी. सहा वर्षांपूर्वी माझंही असंच होतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही, आता उशीला डोकं टेकलं की झोप. २१ दिवस करा आणि मग इथे येऊन सांगा.

नर्मदे_हर:
भाऊ, मनाला रिकामं करायला गेलात की ते दुप्पट उसळतं, त्याला धरायला काहीतरी द्या. नामस्मरण करा. मी महिन्यातून एकदा गरुडेश्वरला जातो, दत्तभक्त संत टेंबे स्वामींनी १९१४ साली तिथेच देह ठेवला, समाधी आहे, खाली नर्मदा. घाटावर बसून नुसतं दिगंबरा दिगंबरा म्हणत राहायचं, तासभर कसा जातो कळत नाही. बडोद्याहून दोन तासांचा रस्ता आहे, एक रविवार काढा. तेवढाही वेळ नसेल तर नारेश्वर त्याहून जवळ.

दहा_दिवस:
नाम घेतलं की मन नामात गुंततं, स्वतःकडे बघत नाही. माझं ऐका, इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. पैसे घेत नाहीत, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. मोबाईल जमा, कोणाशी बोलणं नाही, दिवसाला साधारण दहा तास बैठक आणि पहिले तीन दिवस तर फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मी दुसऱ्या दिवशी बॅग भरली होती, थांबलो म्हणून आज सांगतोय.

नर्मदे_हर:
@दहा_दिवस नामात गुंतणं हेच तर हवंय. वारीला जाणारा माणूस वीस दिवस चालतो, त्याला कोणी श्वास बघायला शिकवलेलं नसतं, तरी त्याचा चेहरा बघा पंढरपुरात.

दहा_दिवस:
चेहऱ्यावरून मन कळत नाही. असो, त्यांना काय झेपेल ते बघू दे.

आसनस्थ:
मी १८ वर्षं योगवर्ग घेते, दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. एक, कपालभाती ही शुद्धिक्रिया आहे, हठयोगातल्या षट्कर्मांतली, म्हणजे सहा शुद्धिक्रियांतली, मन शांत करायचं औषध म्हणून सरसकट कोणालाही १५ मिनिटं सांगू नये. बीपी, हर्निया, हृदयाचा त्रास काही असेल तर नकोच. दुसरं, ज्याला दहा मिनिटं बसून चिडचिड होते त्याला थेट दहा दिवस मौनात पाठवणं मला पटत नाही. शिबिराच्या अर्जातही तब्येतीबद्दल, मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगाच नाही.
धागाकर्त्यांनी वाडी_रंगमहाल यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत.

कपालभाती_रोज:
ताई, लाखो लोक करतात, सगळ्यांना काय हर्निया झाला का?

पद्मासन_नको:
मांडी घालून बसत असाल तर गुडघ्यांकडे लक्ष द्या. मी चाळिशीत हट्टाने पद्मासन केलं आणि सहा महिने जिना चढता येत नव्हता. रबरी मॅट घेऊ नका, खाली सतरंजीची चौपदरी घडी, तिच्यावर जाड उशी, म्हणजे कंबर गुडघ्यांच्या वर राहते.

मांजलपूरकर:
गुडघे ठीक आहेत, तो प्रश्न नाहीये. वय ४१. बीपी नाही. वीस मिनिटं बसतो. वेळ म्हणाल तर कधी पहाटे साडेपाच, कधी सकाळी दहा, कधी संध्याकाळी सहा.

आसनस्थ:
वेळ रोज का बदलते?

मांजलपूरकर:
रोज नाही, आठवड्याला. शिफ्ट आहे ना. मकरपुऱ्याला कंपनीत आहे, १६ वर्षं झाली, फर्स्ट, सेकंड, नाइट फिरत राहतात, सगळ्यांच्याच फिरतात.

वाडी_रंगमहाल:
अहो हे आधी सांगायचं! एका आठवड्यात रात्री झोपायचं, पुढच्या आठवड्यात दिवसा, शरीरालाच कळत नाही सकाळ कुठली. त्यात ध्यान काय लागणार. आणि विचार कसले येतात ते पण सांगा, कामाचे का घरचे?

मांजलपूरकर:
विचार कुठे म्हणालो मी? आवाज म्हणालो. शिट्टी वाजते हो डोक्यात. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो बारीक सूर लागतो ना तसा, तुटतच नाही. दिवसा कामावर असताना कळत नाही, घरी पंखा बंद करून दार लावून बसलो की सुरू. मला वाटलं सगळ्यांनाच ध्यानात हे होतं आणि हळूहळू बंद होतं, म्हणून तर विचारलं.

नादमार्गी:
तुम्हाला कल्पना नाही तुम्हाला काय मिळालंय! हा नाद आहे. हठयोगात नादानुसंधान, म्हणजे आतल्या नादावर मन लावणं, सांगितलंय, आधी समुद्र, मेघ, नगारा असे मोठे नाद, मग शंख, घंटा, आणि शेवटी बासरी, वीणा, भुंगा असे बारीक. लोक वर्षानुवर्षं बसतात आणि ऐकू येत नाही. तुम्ही तो बंद करायला बघताय, उलट त्याच्यातच मन सोडा. कोणाला सांगू पण नका जास्त.

आसनस्थ:
@नादमार्गी तुमच्या श्रद्धेबद्दल आदर आहे, नादानुसंधान मीही थोडं शिकलेय. पण त्यात स्थूलाकडून सूक्ष्माकडे जायचा क्रम आहे, तो तुम्हीच लिहिलात, आणि शिकवणारा समोर असतो. यांना तर पहिल्या दिवसापासून एकच शिट्टी आहे, चिडचिड होतेय, झोप धड नाही. आधी कान दाखवू देत. कानात काही नाही निघालं तर नाद कुठे पळून जाणार आहे?

नादमार्गी:
डॉक्टर त्याला आजाराचं नाव देतील आणि गोळ्या देतील, आणि दार बंद होईल. एवढंच म्हणायचं होतं.

बॉयलरहाउस:
हा धागा सकाळपासून वाचतोय, आता राहवलं नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली, ३१ वर्षं कंप्रेसर आणि बॉयलरच्या बाजूला काढली. बाळा, मला हीच शिट्टी पन्नाशीच्या आधीपासून आहे. तू कुठल्या डिपार्टमेंटला आहेस? हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं का? इअरप्लग घालतोस का? घरी टीव्हीचा आवाज कोण वाढवतं?

मांजलपूरकर:
काका, प्रेसशॉपला, मोठ्या प्रेस मशीनांवर. ओरडावं लागतं, तिथे सगळे ओरडूनच बोलतात. प्लग देतात, पण घातले की सुपरवायझरचं ऐकू येत नाही म्हणून खिशात असतात. टीव्हीचं तुम्ही कसं ओळखलंत माहीत नाही, गेल्या आठवड्यात मुलीवर ओरडलो, आवाज कमी कर म्हणून, ती म्हणाली बाबा तुम्हीच मोठा केलाय मगाशी. मला तर मोठा केल्याचं आठवतही नव्हतं. तेव्हापासून मनात तेच आहे.

बॉयलरहाउस:
मग ऐक. कायद्याने ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि प्रेसशॉप त्याच्या वर जातो, आमच्याकडे जायचा. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं, बोलणं कळत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याच्या जागी मेंदू शिट्टी वाजवत बसतो, मला डॉक्टरांनी असंच समजावलं होतं. खोली जितकी शांत तितकी ती मोठी. तू पंखा बंद करून ध्यानाला बसतोस आणि नेमकं तेच वाढवतोस.
कान-नाक-घसावाल्याकडे जा, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. नुसता मळ पण असू शकतो, मळानेही वाजतं. पण एकाच कानात असेल, नाडीसारखं ठोके देत असेल, एकदम ऐकू येणं कमी झालं असेल किंवा चक्कर येत असेल तर उद्याच जा, रविवारची वाट बघू नको. आणि प्लग खिशात ठेवू नको रे. बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर ओढ, आत घाल आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेव. मी हे तुझ्या वयात केलं असतं तर आज नातीचं बोलणं दोनदा विचारावं लागलं नसतं.

इतिहासवेडा:
अवांतर होतंय पण बडोद्याचा आणि मन शांत करण्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. अरविंद घोष इथे १८९३ ते १९०६ होते, बडोदा कॉलेजात शिकवायचे. डिसेंबर १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर ते बडोद्याला आले तेव्हा विष्णु भास्कर लेले नावाचे आपले मराठी योगी त्यांना भेटले, सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत दोघं बसले आणि तीन दिवसांत अरविंदबाबूंचं मन निःशब्द झालं. लेल्यांनी सांगितलेलं एवढंच की विचार बाहेरून आत येतात, येताना बघ आणि आत शिरायच्या आधी परत पाठव. दांडिया बाजारातून जाताना दर वेळी मला हे आठवतं. आणि लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ मध्ये काढणारे कुवलयानंदही बडोद्याजवळच्या डभोईत जन्मलेले, इथल्याच माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले.

कपालभाती_रोज:
बघा, तीन दिवसांत झालं. मनात आणलं की होतं.

आसनस्थ:
तीन दिवसांच्या मागे काही वर्षांचा प्राणायाम होता, रोज तासन्‌तास, ते पण लिहा ना. हे अर्धं वाचून लोक तिसऱ्या दिवशी निराश होतात, माझ्या वर्गात दर वर्षी बघते.
@मांजलपूरकर, ध्यान ही आठ अंगांतली सातवी पायरी. तुम्ही जे करताय ती फार तर त्याआधीची धारणा, म्हणजे मन एका जागी धरणं, आणि तिला शांत खोली लागतेच असं नाही. कान दाखवा, आणि तोवर हे करून बघा. पंखा चालू ठेवा. खुर्चीत बसा, पतंजलींनी आसनाला स्थिर आणि सुख एवढ्या दोनच अटी घातल्यात. श्वास चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, ओढूनताणून नाही. लक्ष पंख्याच्या आवाजावर ठेवा, शिट्टीकडे गेलं की शिट्टी एवढंच मनात म्हणा आणि परत पंख्यावर या. शंभरदा जाईल, शंभरदा परत आणा, तोच अभ्यास. वीस नाही, सात मिनिटं.

सेवउसळ_प्रेमी:
कमाटीबागेत पहाटे का नाही बसत? पक्ष्यांचे आवाज, झाडं, मोकळी हवा. मी चालायला जातो, बाहेर पडलं की गरम चहा.

मांजलपूरकर:
(नऊ दिवसांनी)
सगळ्यांना धन्यवाद, उशीर झाला, नाइट होती. डॉक्टरांकडे गेलो. उजव्या कानात मळ होता, काढला, थोडा फरक पडला. ऑडिओमेट्रीत दोन्ही कानांचा आलेख ४००० ला खाली गेलाय, डावा जास्त, काका म्हणाले तसाच. डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येणार नाही पण पुढचं वाचवता येईल, आणि शिट्टी पूर्ण जायची खात्री नाही, तिची सवय होऊ शकते. ऐकून स्कूटरवर बसून राहिलो बराच वेळ. घरी येऊन मुलीला सांगितलं, ती काही बोलली नाही, टीव्हीवर खालची अक्षरं चालू करून दिली तिने.
प्लग आता घालतो, सुपरवायझरला हाताने खुणा करायला सांगितलंय, दोघा-तिघांनी माझं बघून घातले. पंखा लावून सात मिनिटं बसतो. शिट्टी आहे. पण काल मध्येच लक्षात आलं की बराच वेळ मी फक्त पंखाच ऐकत होतो, आणि लक्षात आल्याबरोबर ती परत आली. ताई, हे बरोबर चाललंय का? आणि नाइट करून आल्यावर झोपायच्या आधी बसू की उठल्यावर?

आसनस्थ:
अगदी बरोबर चाललंय. नाइटच्या आठवड्यात उठल्यावर बसा, आल्या आल्या नको, थकलेलं शरीर तसंच झोपेल, त्याला झोपू द्या. झोपताना पण पंखा चालूच ठेवा.

बॉयलरहाउस:
आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानात स्पीकरपासून लांब उभा राहा, मुलीलाही सांग. दोन-तिघांनी घातले म्हणालास ते वाचून फार बरं वाटलं रे. बाकीच्यांनाही ऑडिओमेट्रीला घेऊन जा.