एमयूएनमध्ये पाकिस्तान मिळालाय, विषय ‘लॉस अँड डॅमेज’. तयारी कशी करू?

नवी_डेलिगेट_नाशिक:
अकरावीत आहे. पुढच्या महिन्यात पुण्यात आंतरशालेय एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे एकेका देशाची बाजू घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाची नक्कल) आहे. समिती आमसभेची दुसरी, म्हणजे इकोफिन. विषय हवामान बदलामुळे होणारी हानी आणि तिच्यासाठीचा निधी. देश आला पाकिस्तान! घरी सगळे हसतायत. बॅकग्राउंड गाइड (आयोजकांनी दिलेली विषयाची माहिती) वाचलं, पण त्यातून देशाची भूमिका कशी काढायची ते कळत नाही. पोझिशन पेपर (देशाची भूमिका मांडणारा लेख) एका पानाचा मागितलाय. आणि दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे उभं राहून इंग्रजीत बोलायची धास्ती आहेच. कुणी नीट सांगेल का?

परिच्छेद_५१:
हसू देत त्यांना. या विषयावर पाकिस्तान हा मागून घ्यावा असा देश आहे. २०२२ मध्ये जी-७७ या विकसनशील देशांच्या गटाचं अध्यक्षपद पाकिस्तानकडे होतं आणि त्याच वर्षी शर्म अल-शेखच्या कॉप-२७ या हवामान परिषदेत हा निधी उभारायचं ठरलं. म्हणजे मागणी लावून धरणाऱ्या गटाच्या वतीने तेव्हा बोललेला देश तुझ्याकडे आहे.

आकडे त्याच वर्षीच्या पुराचे घे. ३ कोटी ३० लाख लोकांना फटका, १,७०० हून अधिक मृत्यू. सरकारने जागतिक बँक वगैरेंबरोबर केलेल्या पाहणीत थेट हानी १४.९ अब्ज डॉलर, आर्थिक नुकसान १५.२ अब्ज आणि पुनर्बांधणीची गरज १६.३ अब्ज. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज चालते, ३० अब्जांच्या वर जाते. तिसरा त्यात मिसळून ४६ अब्ज म्हणालीस तर पॉइंट ऑफ इन्फर्मेशनमध्ये (भाषणानंतरच्या प्रश्नांत) कुणीतरी धरणारच. आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे डोक्यात पक्कं कर. बोलण्याच्या ओघात मिलियन-बिलियनची अदलाबदल सहज होते.

आता खरी मेख. पाकिस्तान एलडीसी (सर्वांत कमी विकसित देश) यादीत नाही आणि लहान बेटांच्या यादीत तर नाहीच. वाटाघाटीत विकसित देशांचा कल हा निधी या दोन याद्यांपुरता ठेवण्याकडे होता. २०२५ मध्ये बार्बाडोसला निधीच्या मंडळाने सुरुवातीचे २५ कोटी डॉलर वाटायची पद्धत ठरवली, त्यातही किमान अर्धी रक्कम या दोन गटांसाठी राखीव आहे. अनमॉडमध्ये (जागा सोडून गटागटाने होणाऱ्या मोकळ्या चर्चेत) बेटांचा गट तुला प्रेमाने बोलावेल. त्यांच्या ठरावाच्या मसुद्यात ‘एलडीसी आणि बेटांना प्राधान्य’ एवढंच असेल आणि तू प्रायोजक झालीस, तर स्वतःच्याच देशाला रांगेबाहेर काढलंस. तुझा शब्दप्रयोग ‘पर्टिक्युलरली व्हल्नरेबल डेव्हलपिंग कंट्रीज’. निधीच्या मूळ निर्णयातलाच आहे, तो सोडू नकोस. ते २५ कोटी पाकिस्तानच्या एका पुराच्या नुकसानीचा जेमतेम एकशेविसावा भाग होतात. पहिल्या भाषणाला हे एक वाक्य पुरे.

दुसरी ओढाताण चीनची. देणगीदारांची यादी वाढवा, त्यात चीनही घ्या, असा आग्रह युरोप धरेल. पाकिस्तान त्याला हो म्हणणार नाही. ऐतिहासिक जबाबदारीचा मुद्दा पुढे करायचा आणि चीनचं नाव न घेता विषय मिटवायचा.

तिसरं, कर्ज नको, अनुदान हवं. जानेवारी २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत पाकिस्तानला ९ अब्ज डॉलरहून जास्तीची आश्वासनं मिळाली, पण बहुतांश कर्जरूपात. याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

भूमिका शोधायची ती पाकिस्तानच्या न्यूयॉर्कमधल्या स्थायी मिशनच्या भाषणांत आणि जी-७७ च्या निवेदनांत. मतदानाच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत मिळतात. आपल्याकडच्या बहुतेक एमयूएनमध्ये पुरावा म्हणून संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रं, सरकारी दस्तऐवज आणि रॉयटर्स चालतं. विकिपीडिया समजून घ्यायला वाच, हवाला देऊ नकोस. फ्रीझ डेट (जिच्यानंतरच्या घटना धरायच्या नसतात ती तारीख) आहे का तेही गाइडमध्ये बघ. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या निधीच्या मंडळातून बाहेर पडली. तारीख त्याआधीची असेल तर खोलीतली अमेरिका वेगळी वागेल.

खुर्चीवरून:
वरचं सगळं बरोबर, पण अभ्यास भरपूर आणि कार्यपद्धती कच्ची अशी मुलं पहिल्या दिवशी गप्प बसतात. म्हणून तेवढं सांगतो. कॉन्फरन्सचे स्वतःचे नियम दिले असतील तर ते आधी वाच, फरक असतो.

हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हण. ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणालीस की ठरावावर तटस्थ राहता येत नाही, आणि मसुदा अर्धा पटला असेल तर तटस्थता हेच पाकिस्तानचं सोयीचं मत असू शकतं.

मॉडरेटेड कॉकसचा (एका ठरावीक मुद्द्यावर छोट्या भाषणांच्या चर्चेचा) प्रस्ताव मांडताना विषय, एकूण वेळ आणि प्रत्येकी वेळ, तिन्ही एका दमात सांग. १० मिनिटं, प्रत्येकी ६० सेकंद, म्हणजे १० वक्ते. ८ मिनिटं आणि ९० सेकंद असं म्हणालीस तर भाग जात नाही आणि चेअर फेटाळतो. विषयही नेमका हवा. ‘क्लायमेट फायनान्स’वर सगळे तेच ते बोलतात, ‘निधीसाठी पात्रतेचे निकष’ म्हटलंस तर चर्चा तुझ्या मैदानात येते. असे पाच-सहा विषय घरूनच लिहून आण.

मसुदा अनमॉडमध्ये तयार होतो आणि गोंधळही तिथेच होतो. प्रायोजक म्हणजे मजकुराशी सहमत असलेले. सिग्नेटरी म्हणजे फक्त ‘यावर चर्चा व्हावी’ म्हणणारे, त्यांच्यावर पाठिंब्याचं बंधन नसतं. बऱ्याच ठिकाणी सभागृहाच्या एक पंचमांश सह्या लागतात, ६० देश असतील तर १२. विरोधकांकडूनही सही माग, ती मिळते.

प्रास्ताविक कलमांच्या शेवटी स्वल्पविराम, कार्यकारी कलमांना क्रमांक आणि शेवटी अर्धविराम, संपूर्ण ठरावात पूर्णविराम एकच. सर्वांत घातक चूक क्रियापदांची. इकोफिन ही आमसभेची समिती, तिला कुणावर काही लादता येत नाही. ‘डिमांड्स’ किंवा निर्बंधांची भाषा सुरक्षा परिषदेची. तू ‘अर्जेस’, ‘रिकमेंड्स’, ‘कॉल्स अपॉन’, ‘रिक्वेस्ट्स’ वापर. आणि प्रत्येक कार्यकारी कलमात कोण, कशातून, कधीपर्यंत ही उत्तरं हवीत. ‘जनजागृती करावी’ हे कलम कुठल्याही ठरावात चालतं, म्हणून कुठेच कामाचं नसतं.

(जाता जाता: खऱ्या कॉपमध्ये मतदानच होत नाही. मतदानाचा नियम देशांनी कधी स्वीकारलाच नाही, सगळं सहमतीने चालतं. तुझी समिती आमसभेची आहे म्हणून मतदान होईल.)

पोझिशन पेपरचं एक पान असं वाट: विषय आणि आजवरची कृती तीन-चार ओळींत उरक, देशाचं धोरण साधारण निम्मं पान, उरलेल्या जागेत दोन-तीन ठोस उपाय. परीक्षक गाइडचा सारांश ओळखतात, कारण गाइड त्यांनीच लिहिलेलं असतं.

नवी_डेलिगेट_नाशिक:
खूप आभार! दोन शंका. ‘भरपाई’ला सरळ ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणू का? आणि भारताचा डेलिगेट आमच्याच शाळेतला आहे, तो सिंधू करार काढणार असं आत्ताच म्हणतोय.

परिच्छेद_५१:
मसुद्यात नको. पॅरिस कराराचं आठवं कलम लॉस अँड डॅमेजचं. पण करार स्वीकारणाऱ्या निर्णयाच्या ५१ व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की या कलमातून दायित्व किंवा कॉम्पेन्सेशनचा आधार निर्माण होत नाही. तो शब्द टाकलास की विकसित देशांच्या सह्या गेल्या. भाषणात ‘क्लायमेट जस्टिस’ म्हण, मसुद्यात ‘ग्रँट-बेस्ड फायनान्स’.

भारताचं म्हणशील तर या विषयात दोघे जी-७७ मध्येही एकत्र आणि एलएमडीसी या समविचारी विकसनशील देशांच्या गटातही. सिंधूचा मुद्दा निघाला तर ‘समितीच्या विषयाबाहेर’ एवढं एका वाक्यात म्हण आणि पात्रतेच्या निकषावर ये. राइट ऑफ रिप्लाय देशाच्या अपमानासाठी असतो, मतभेदासाठी नाही. उगाच मागितलास तर फेटाळला जाईल. तुझ्या त्या मित्राला अनुदानाच्या कलमाचा सहप्रायोजक कर. सभागृहाला ते अनपेक्षित असेल आणि धोरणाला धरूनही.

बोलकी_बाहुली:
इंग्रजीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. जीएसएलला (मुख्य वक्ता-यादीतल्या भाषणाला) ९० सेकंद असतील तर १८० शब्दांच्या वर लिहू नकोस, मिनिटाच्या मॉडला १२०. घड्याळ लावून मोठ्याने वाच, मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. पाठ करू नकोस. पाच-सहा मुद्दे कार्डावर आणि आकडे ठळक. ‘आय’ म्हणायचं नसतं, ‘द डेलिगेट ऑफ पाकिस्तान’ किंवा ‘पाकिस्तान बिलीव्ज’. याचा फायदा असा की वाक्यं ठरावीक साच्यात बसतात आणि अडखळणं कमी होतं.

उरलेला वेळ चेअरला ‘यील्ड’ कर, म्हणजे सोपव. प्रश्नांना यील्ड करणं छान दिसतं, पण पहिल्या भाषणाला नको. इतर डेलिगेटना चिठ्ठ्या भरपूर लिही. मुद्दा दमदार असेल तर ‘व्हाया ईबी’ लिहून पाठव, म्हणजे चिठ्ठी एक्झिक्युटिव्ह बोर्ड वाचून पुढे देतं आणि न बोलता केलेलं कामही त्यांच्या नजरेत येतं. शिवाय सगळं छापून फाइलमध्ये ने. काही समित्यांत अनमॉडखेरीज लॅपटॉप बंद असतो, आणि वायफायवर तर भिस्त नकोच.