मदत हवी आहे: ऑर्किडच्या सर्व्हेचा डेटा ओपन करताना लोकेशन किती दाखवायचं?

नमस्कार मंडळी, मी मूळची बॉटनीवाली, आता एका कॉलेजच्या लायब्ररीत रिसर्च डेटाचं काम बघते. एका पीएचडीच्या मुलीचा सह्याद्रीतल्या ऑर्किडचा सर्व्हे आहे, पेपर छापायचा तर डेटा ओपन, म्हणजे कोणालाही बघता येईल असा हवा, असं जर्नलचं म्हणणं. एक्सेल शीटमध्ये एकाच गावाची तीन स्पेलिंगं, ३/४/२१ म्हणजे एप्रिल की मार्च कळत नाही, पण ते तिच्या फील्ड डायरीवरून लावून घेतोय आणि कॉलमना डार्विन कोअरची (जैवविविधतेच्या डेटासाठी ठरलेली स्टँडर्ड नावं असतात ती) नावं देतोय, होईल ते. खरी काळजी जीपीएसची, दशांशानंतर पाच आकडे म्हणजे मीटरभरात रोप सापडणार, आणि उपटून नेणाऱ्याच्या हाती पडलं तर संपलंच ना. ०.१ अंशापर्यंत ढोबळ केलं तर साधारण ११ किमी, पण घाटात तेवढ्यात कोकणातून देशावर जातो हो माणूस! तुम्ही दुर्मिळ जातींसाठी किती ठेवता? मूळ आकडे झेनोडोवर (रिसर्च डेटा ठेवायची ऑनलाइन जागा) रिस्ट्रिक्टेड, म्हणजे परवानगीशिवाय न उघडणाऱ्या फाइलमध्ये ठेवून ढोबळ डेटा जीबीआयएफला (कुठली जात कुठे सापडली याचा जगभरचा खुला डेटाबेस) द्यावा असं मला वाटतंय, कोणी केलंय का असं? जर्नलने चालवून घेतलं का? प्लीज सांगा, तिला लवकर सबमिट करायचंय.