४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? डोकं चालेना

भागाकार_प्रेमी: २ चा ३२वा घात अधिक १ म्हणजे ४२९४९६७२९७. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने जात नाही, ५ चा प्रश्नच नाही, ७, ११, १३ करत करत कॅल्क्युलेटरवर ४०० च्या पुढे गेलो तरी कशानेच भाग जाईना. मग कंटाळून प्रोग्रॅम लिहिला, तर तो म्हणतो संख्या १ आहे!! मूळ आहे असं धरू का?

बाकीशून्य: आधी प्रोग्रॅमचं सांगतो, ३२ बिटचा इंटिजर (३२ बायनरी अंकांत मावणारी पूर्ण संख्या) घेतलायस ना? त्यात ४२९४९६७२९५ पर्यंतच मावतं, पुढे मीटर परत शून्यावर येतो, म्हणून तुझा १. ६४ बिट घे. आणि मूळ वगैरे काही नाहीये, अजून थोडा दम धरायचास, ६४१ ने जातो. ६४१ × ६७००४१७.

भागाकार_प्रेमी: अरे देवा 🤦 पण हा ६४१ शोधायचा कसा? वर्गमूळ ६५५३६ च्या आसपास, तिथपर्यंत साडेसहा हजार मूळ संख्या आहेत.

जुनी_वही: सगळ्या बघायच्याच नसतात. ही फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची संख्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १. अशा सगळ्या मूळच असणार असं फर्माला वाटायचं, कारण आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ खरंच मूळ आहेत. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ही फोडली. त्याची युक्ती अशी की हिला भाग जाणारी मूळ संख्या ६४ च्या पटीत १ मिळवूनच येते. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्यालाच सापडतो!

बाकीशून्य: त्याहून कमी लागतात. पुढे ल्यूका या गणितज्ञाने दाखवलं की ६४ नाही, १२८ ची पट घ्यायची, म्हणजे फक्त २५७ आणि ६४१. २५७ ने भागलं तर बाकी २, संपला विषय.

पेन_हवं: भागाकार न करताही होतं, मला तर हेच जास्त आवडतं. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा. १२८ म्हणजे २ चा ७वा घात, म्हणून पहिल्यावरून ५ × २ चा ७वा घात ला ६४१ ने भागलं की बाकी उणे १ (१ कमी पडतो; पुढच्या बाक्याही ६४१ च्याच), त्याचा चौथा घात केला की ६२५ × २ चा २८वा घात ची बाकी १. आता दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ टाक, १६ म्हणजे २ चा चौथा, तो २८ मध्ये मिसळून ३२ होतो. म्हणजे उणे २ चा ३२वा घात ची बाकी १, म्हणून २ चा ३२वा अधिक १ ची बाकी शून्य. कागदावर करून बघ, चार ओळी आहेत.

भागाकार_प्रेमी: केलं, झालं! ते १६ चं २८ मध्ये मिसळणं दोनदा वाचावं लागलं. आता ६७००४१७ पण फोडायला घेऊ का?

बाकीशून्य: नको, तो मूळ आहे 😄