शून्यावरून उठणे इतके स्वस्त का?

उत्तररात्र:
“२०२४ च्या नियमांनी उपचार दुप्पट केले, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांच्या भूमिकाखेळातली हीलिंग कमजोर असल्याची तक्रार संपली,” असे इथे एका सदस्याने काल लिहिले. क्युअर वुंड्स हा उपचारमंत्र १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) वरून २डी८ झाला आणि हीलिंग वर्ड हा मंत्र १डी४ वरून २डी४ झाला, हे खरेच आहे; पण दोष आकड्यांत कधीच नव्हता. एकच हिट पॉइंट (जीवाचा गुण) उरलेले पात्र पूर्ण ताकदीने लढते, शून्यावर ते बेशुद्ध कोसळते आणि शून्याच्या खाली गेलेला मार हिशेबात धरला जात नाही, त्यामुळे जखमी सोबत्याला आधी सावरण्यापेक्षा तो कोसळेपर्यंत थांबणेच फायद्याचे ठरते. ओगर या राक्षसाच्या गदेने फायटर (लढवय्या) पडतो, क्लेरिक (उपचार करणारा पुरोहित) साठ फुटांवरून पाळीतल्या जादा, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये हीलिंग वर्ड टाकतो, फायटर उठून वार करतो आणि ओगर त्याला पुन्हा पाडतो. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत उठलेल्या पात्रावर ‘वुंडेड’ स्थिती राहते व पुढच्या वेळी ते मरणाच्या अधिक जवळ कोसळते. आमच्या टेबलावर शून्यावर गेल्यास एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी लागते.

साधा फायटर:
म्हणजे पुढे उभे राहून मार खाणाऱ्यालाच शिक्षा, आणि मागून फायरबॉल टाकणारा विझार्ड मोकळा! २०१४ च्या नियमांत एक्झॉशनच्या तिसऱ्या पायरीला हल्ला आणि सेव्ह (धोका टाळण्याची फेक) दोन्हींवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फेकींतली कमी धरणे) येतो, आणि लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) एकच पायरी उतरते. खरे दुखणे वेगळे आहे. तेव्हाच्या डीएम गाइडने (खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकाने) दोन लाँग रेस्टच्या दरम्यान सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या होत्या. लोक एकच लढाई खेळतात, मग स्लॉट (मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधी) उरणारच.

तिसरी घंटा:
तुम्ही दोघेही क्लेरिक खेळणाऱ्याचा विचार करत नाही. आमच्या पुण्यातल्या गटात जो उशिरा येईल त्याच्या गळ्यात क्लेरिक पडायचा, आणि ऑफिसमुळे तो बहुधा मीच असे. माझी पाळी येण्याआधीच तिघे ओरडत, “याला उठव!” स्वतःच्या मनाने स्लॉट वापरला, तर रात्रभर बोलणी खावी लागत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत हीलिंग सर्ज (बरे होण्याच्या मोजक्या संधी) जखमी पात्राच्या स्वतःच्या खात्यातून जात, आणि क्लेरिक छोट्या, म्हणजे मायनर अ‍ॅक्शनमध्ये उपचार करून त्याच पाळीत हल्लाही करू शकत असे. सोबत्यांना सावरणाऱ्या वॉरलॉर्ड या सेनानी पात्राला तर क्लेरिकसारखी देवाचीही गरज नव्हती.

साधा फायटर:
चौथ्या आवृत्तीचे गोडवे इथे प्रत्येक धाग्यात येतात. गट तुम्हाला वाईट वागवत होता, त्यात नियमांचा काय दोष?

तिसरी घंटा:
ज्या नियमात एका खेळाडूचे स्लॉट साऱ्या गटाची मालमत्ता ठरतात, तो नियम अशी वागणूक शिकवतो. हे समजायला स्वतः एकदा क्लेरिक खेळून पाहा, मग मला सांगा!

उत्तररात्र:
सर्जचा मुद्दा मला मान्य करावा लागेल, जरी तो माझ्या प्रश्नाचे उत्तर नाही. फायटरवरचा अन्यायही नाकारता येत नाही, म्हणून त्याच लढाईत दुसऱ्यांदा पडल्यासच एक्झॉशन लावण्याची अट मी स्वीकारतो. २०२४ च्या नियमांत पायरीमागे डी२० च्या (वीस बाजूंच्या) फाशांतून दोन वजा होतात, तेवढे सोसवते.

साधा फायटर:
तसे असेल तर माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा मात्र दिवसात एकाऐवजी निदान चार लढाया खेळल्याशिवाय मी सोडणार नाही.

तिसरी घंटा:
चार लढाया खेळा, पण चौघांना उठवायला आता दुसरा कोणी शोधा.