रोमानियात राजाला तीन वर्षं का ठेवलं?

प्रश्न
सोव्हिएत फौजा रोमानियाच्या राजधानीत ऑगस्ट १९४४ मध्येच पोचल्या होत्या. राजा मिहाईचा पदत्याग मात्र ३० डिसेंबर १९४७ चा. कम्युनिस्ट इतके का थांबले? आणि मधल्या काळात राजाला काहीच करता आलं नाही का?

सुमेधा
१९४४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सभासद जेमतेम हजार. २३ ऑगस्टला जर्मनीच्या बाजूने लढणारा हुकूमशहा अंतोनेस्कू याला राजवाड्यात अटक करून देश जर्मनीविरुद्ध उभा केला तो राजाने, आणि सैन्याची शपथही त्याच्याच नावाने. हे सैन्य पुढे हंगेरीत लाल सेनेच्या बरोबरीने लढत होतं. अशा वेळी राजाला कोण हात लावणार?

शिवाय शांतता करार १५ सप्टेंबर १९४७ ला लागू होईपर्यंत राजधानी बुखारेस्टमध्ये दोस्त राष्ट्रांचा नियंत्रण आयोग होता, त्यात ब्रिटिश-अमेरिकी प्रतिनिधी. ते गेले आणि साडेतीन महिन्यांत राजाही गेला.

अनिकेत
माझ्या मते खरी तारीख ६ मार्च १९४५. सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री व्हिशिन्स्कीने बुखारेस्टला येऊन पेत्रु ग्रोझाचं सरकार बसवलं. ग्रोझा स्वतः कम्युनिस्ट नव्हता, पण गृह आणि न्याय ही दोन्ही खाती कम्युनिस्टांकडे. पोलीस, प्रांताधिकारी, तुरुंग, खटले सगळं तिथून चालतं. बाकीची खाती इतरांना दिली तरी बिघडत नाही.

राजाने प्रयत्न केला. ऑगस्ट १९४५ मध्ये ग्रोझाचा राजीनामा मागितला, तो मिळेना म्हणून वटहुकमांवर सह्या करणं थांबवलं. सरकारने सहीविना कारभार रेटला. राजाचा नकार अमलात आणणारी यंत्रणाच त्याच्या हातात उरली नव्हती. जानेवारी १९४६ मध्ये विरोधकांचे दोन बिनखात्याचे मंत्री घेतले गेले, आणि तेवढ्यावर लंडन-वॉशिंग्टनने सरकारला मान्यता दिली. हा सौदा फार महागात पडला.

वैशाली
पुढचा क्रमही बघा. नोव्हेंबर १९४६ ची निवडणूक खोट्या निकालाने जिंकली. जुलै १९४७ मध्ये विरोधी नेता मानियूच्या शेतकरी पक्षावर बंदी, नोव्हेंबरमध्ये मानियूला जन्मठेप, त्याच महिन्यात परराष्ट्र खातं कम्युनिस्ट नेत्या अना पाऊकरकडे. म्हणजे राजाच्या बाजूने बोलू शकणारे आधी संपवले.

३० डिसेंबरला ग्रोझा आणि कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख गेओर्गिऊ-देज पदत्यागाचा तयार मसुदा घेऊन राजाकडे आले. फोन तोडलेले, पहारा बदललेला. सही केली नाही तर अटकेतल्या हजारभर विद्यार्थ्यांना ठार करू अशी धमकी दिली गेली, असं राजाने नंतर सांगितलं. त्याच दिवशी कायदा क्र. ३६३ ने १९२३ ची राज्यघटना रद्द झाली. सार्वमत नाहीच. जून १९४८ मध्ये कारखाने-बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि ऑगस्टमध्ये सेकुरिताते ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली.