स्वतःची छोटी प्रोग्रामिंग लँग्वेज बनवायचीय, सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी_देव:
कामावर रोज पायथन नि जावास्क्रिप्ट लिहितो, पण लँग्वेज आतून कशी चालते ते काही कळलेलं नाही. कॉलेजात कंपायलरचा पेपर होता, एलआर पार्सिंगची (कोडची रचना टेबलांवरून ओळखायची पद्धत) टेबलं भरली, मार्क पडले, विषय संपला. आता हौस म्हणून एक लँग्वेज करायचीय. थेट एलएलव्हीएम शिकू की आधी थिअरी परत वाचू?

अर्धविराम:
दोन्ही नको आत्ता. एलएलव्हीएम मशीन कोड काढायच्या कामाचं, तुझं डोकं त्याच्या खूप आधी अडकणारे. आधी कॅल्क्युलेटर लिही, म्हणजे टोकनायझर (मजकुराचे आकडे, चिन्हं असे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा), मग हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (प्रत्येक नियमाला एक फंक्शन, ती एकमेकांना बोलावतात) जो त्या तुकड्यांचं ट्री बनवेल, आणि ते ट्री फिरून उत्तर काढणारं एक फंक्शन, बास. टेबलं लागत नाहीत, क्लँग या सी++ कंपायलरचा पार्सर पण हातानेच लिहिलाय.
मग त्यात -२**२ (** म्हणजे घात) टाकून बघ. पायथन -४ देतं, एक्सेलात =-२^२ लिहिलं तर ४ येतं, आणि जावास्क्रिप्ट म्हणतं सिंटॅक्स एरर, आधी कंस टाक. तिघांनी तीन वेगळे निर्णय घेतलेत आणि तुलाही एक घ्यावाच लागेल, डिझाईन डिझाईन म्हणतात ते हेच.

जुनी_मशीन:
+१, पण कॅल्क्युलेटरवर थांबू नकोस, खरी मजा क्लोजर (बाहेरचे व्हेरिएबल लक्षात ठेवणारी फंक्शनं) आले की. फॉर लूपच्या आत क्लोजर बनवले तर प्रत्येकाला वेगळा व्हेरिएबल द्यायचा की सगळ्यांना मिळून एकच? पायथनमध्ये एकच, म्हणून लूप संपल्यावर बोलावलीस तर सगळी फंक्शनं शेवटचीच व्हॅल्यू दाखवतात. गो लँग्वेजमध्येही तसंच होतं, लोक वर्षानुवर्षं त्यात आपटत होते, शेवटी फेब्रुवारी २०२४ ला १.२२ मध्ये नियमच बदलला, तोही प्रोजेक्टच्या गो.मॉड या सेटिंग फाईलमध्ये १.२२ किंवा पुढचं व्हर्जन लिहिलं असेल तरच लागू, नाहीतर जुना कोड गुपचूप वेगळं वागला असता. आधी घेतलेला निर्णय नंतर फिरवणं असं महागात पडतं.

ढ_विद्यार्थी:
टोकनमध्ये लाईन नंबर पहिल्यापासून ठेव रे, नंतर घालायला गेलास की सगळं उकरावं लागतं. आणि बाईटकोड (कोडपासून बनणाऱ्या छोट्या सूचना, त्या व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवते) बघायचा तर पायथनचं डिस मॉड्यूल आपल्याच फंक्शनवर चालव, ती स्टॅकवाली व्हीएम, म्हणजे व्हॅल्यू एकावर एक रचून वरून उचलते. मग लुआ लँग्वेजचा सोर्स उघड, सीमध्ये आहे, आकाराने छोटा, आणि ५.० पासून रजिस्टरवाली व्हीएम (व्हॅल्यू नंबर दिलेल्या कप्प्यांत ठेवते), शेजारी ठेवून वाचलं की फरक लगेच दिसतो.

रात्रपाळी_देव:
भारी! मी पण जावास्क्रिप्टसारखा एररच देणार, कोण भांडत बसणार. टोकनायझरला रेजेक्स (मजकुरातले पॅटर्न शोधायची पद्धत) चालेल ना?

अर्धविराम:
चालेल की. पार्सरला मात्र वापरू नको, कंसात कंस आले की बोंबलशील.