मदत हवी आहे : आधी रॅम वाढवावी की एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी?

घरच्या डेस्कटॉपमध्ये ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असून संगणक सुरू केल्यानंतर बराच वेळ टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकलेला दिसतो, प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामाच असतो. ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की रॅमही भरत येते. स्टार्टअपमधील अनावश्यक प्रोग्राम बंद केले, तात्पुरत्या फाइल काढल्या, व्हायरसची तपासणीही केली. फरक नगण्य आहे. (‘वेग वाढवणारी’ मोफत सॉफ्टवेअर मुद्दामच टाळली आहेत.) रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, डिस्क जोडण्यासाठीची साटा जोडणीही उपलब्ध आहे. तूर्त एकाच गोष्टीवर खर्च करणे शक्य असल्याने आधी काय बदलावे, आणि एसएसडी घेतल्यास विंडोज नव्याने न टाकता जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर कशी घ्यावी?